ग्लाइंडबर्नचा ‘जुलिओ चेझारे’ (२००५): थेट मुद्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेंडेल या अठराव्या शतकातल्या संगीतकाराच्या ‘जुलिओ चेझारे’ (ज्युलियस सीझर) या इटालियन ऑपेराची मुद्रणं (रेकॉर्डिंग) बरीच आहेत, पण श्रोत्यांमध्ये सगळ्यात जास्त वाद होतो तो ग्लाइंडबर्नच्या २००५ मधल्या प्रयोगावरून. काहींना हे एकच मुद्रण आयुष्यभर पुरतं, तर काही जण पहिल्या अंकातच ते बंद करतात. बरोक, म्हणजे हेंडेलच्या काळच्या, ऑपेराकडे नव्याने वळलेले मराठी श्रोतेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. त्यांत माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

हे मुद्रण नेमकं कशाचं आहे?

इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्स परगण्यात, लुइस गावाजवळ, ग्लाइंडबर्न हा जुना वाडा आहे. तिथे १९३४ मध्ये ऑपेरा महोत्सव सुरू झाला. आताचं नाट्यगृह १९९४ चं, सुमारे १२०० आसनांचं. मोठ्या शहरांतल्या ऑपेरागृहांपुढे हे लहानच म्हणायचं. गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला आवाज ताणावा लागत नाही, आणि हे या मुद्रणात पदोपदी जाणवतं.

२००५ च्या उन्हाळ्यात तिथे डेव्हिड मॅकव्हिकर यांनी हा ऑपेरा दिग्दर्शित केला. संगीत संचालन विल्यम क्रिस्टी यांचं, वाद्यवृंद ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट’. सीझर झाली सारा कॉनली, क्लिओपात्रा डॅनिएल डी नीस, सीझरचा शत्रू पाँपे याची विधवा कोर्नेलिया पॅट्रिशिया बार्डन, तिचा मुलगा सेस्तो आंगेलिका किर्शश्लागर, क्लिओपात्राचा भाऊ, इजिप्तचा राजा तोलोमेओ क्रिस्तोफ ड्यूमो, त्याचा सेनापती आकिला ख्रिस्तोफर मॉल्टमन. ओपस आर्टे कंपनीने ते डीव्हीडीवर आणलं आणि पुढे ब्ल्यू-रेवरही.

‘लाइव्ह’ म्हणजे सगळं एकाच रात्रीचं का?

सहसा नाही. ऑपेराच्या थेट मुद्रणांत एकाहून अधिक प्रयोग टिपून त्यांतले भाग जोडण्याची पद्धत आहे. तरी स्टुडिओत एकच ओळ दहा वेळा गाऊन सर्वांत चांगली निवडायची सोय इथे नसते. प्रत्येक तुकडा प्रेक्षकांसमोर, पूर्ण वेशात, रंगमंचावर फिरत गायलेला असतो. स्वर कुठे किंचित उतरला किंवा तान कुठे घाईत गेली, याची तक्रार करताना एवढं लक्षात ठेवावं.

टाळ्या, हशा, पावलांचे आवाज यांनी रसभंग होत नाही का?

या प्रश्नावर श्रोत्यांचे सरळ दोन तट आहेत. ज्यांना हेडफोन लावून ऐकायचं असतं त्यांना नर्तकांच्या पायांचा धपधप आवाज खटकतो. गायक मागे गेला की आवाज थोडा दूर जातो, पुढे आला की जवळ येतो. मायक्रोफोन रंगमंचाच्या कडेला असले की हे होणारच.

माझं मत असं की टाळ्या या ऑपेराच्या रचनेतच आहेत. हेंडेलच्या काळी पात्र आपली आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, गाऊन बहुधा विंगेत निघून जात असे. आरियाचा शेवट त्या ‘एक्झिट’साठी बांधलेला असतो, आणि दाद घेऊनच नट आत जाई. टाळ्या कापून टाकल्या तर पुढचं रेचितातिव्हो, म्हणजे बोलल्यासारखा गायलेला संवाद, एकदम अंगावर येतो. तिथे श्वास घ्यायला जागा लागते आणि ती प्रेक्षक देतात. हशाचंही तसंच आहे. क्लिओपात्रा आणि तोलोमेओ या बहीण-भावाच्या भांडणात लोक मनापासून हसतात. हा ऑपेरा विनोदीही आहे, ही गोष्ट अनेकांना या मुद्रणामुळेच पहिल्यांदा कळली.

सीझर हा पुरुष, मग त्याचं काम बाईने का केलं?

२० फेब्रुवारी १७२४ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा सीझरचं काम सेनेझिनो या कास्त्रातो गायकाने केलं होतं. लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे, असे हे गायक. ती अमानुष प्रथा गेली, ते आवाजही गेले. आज त्या पट्टीत गाण्यासाठी दोन वाटा आहेत: स्त्रीचा खालचा आवाज, म्हणजे मेझो-सोप्रानो किंवा काँट्राल्टो, नाहीतर काउंटरटेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा पुरुष. विसाव्या शतकात बराच काळ तिसरी वाट चालली. सीझरची गाणी एक सप्तक खाली आणून ती बॅरिटोन किंवा बास गायकाकडून गाऊन घेत. आता ते कोणी फारसं करत नाही आणि ते बरंच आहे, कारण व्हायोलिनच्या रेषांशी आवाजाचं जे नातं हेंडेलने बांधलं ते त्यात मोडतं.

‘पुरुषाची भूमिका पुरुषानेच करावी’ हा आग्रह हेंडेलचा स्वतःचाच नव्हता. त्याच पहिल्या प्रयोगात कोवळ्या सेस्तोचं काम मार्गारिता दुरास्तांती या गायिकेने केलं. त्याच्या ऑपेरांत कास्त्रातो मिळाला नाही तर नायकाची जागा गायिकेला मिळे. बालगंधर्वांना सिंधू आणि भामिनी म्हणून डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तर यात अडखळायचं कारणच नाही.

कॉनलीचा सीझर पाहताना दहा मिनिटांत हा प्रश्न मनातून जातो. तिची उभं राहण्याची ढब, मान वळवण्याआधीचा थांबा, खांद्यावरचा कोट, सगळं एका थकलेल्या पण मुरलेल्या सेनापतीचं आहे. आवाजातला खालचा भाग भरीव, वरचा झळाळता. या मुद्रणातला सर्वांत परिपूर्ण गायक कोण असं विचाराल तर माझं उत्तर कॉनली.

डॅनिएल डी नीसबद्दल एवढी टोकाची मतं का?

खरा वाद इथे आहे. मेलबर्नमध्ये जन्मलेली, श्रीलंकेच्या डच-वंशीय समाजातल्या आईवडिलांची ही मुलगी त्या वेळी २६ वर्षांची होती. या भूमिकेने ती रातोरात जगभर पोचली. क्लिओपात्राला आठ आरिया आहेत, प्रत्येकीचा भाव वेगळा: खोडी, मोह, प्रार्थना, विलाप, विजय. डी नीस त्या गाते, नाचते, डोळ्यांनी खेळवते, आणि कॅमेरा तिच्यावरून हलायला तयार नसतो.

आक्षेप घेणारे म्हणतात, चित्र बंद करा आणि नुसतं ऐका. मग आवाज वर गेला की थोडा बारीक आणि धारदार होतो, वेगवान तानांत प्रत्येक स्वर सुटा पडत नाही, संथ गाण्यांत रंग कमी पडतो. हे आक्षेप खोटे नाहीत. ‘से पिएता’ ऐका. सीझरवर मारेकरी चालून गेले आहेत, क्लिओपात्रा एकटी आहे, व्हायोलिनच्या उसाशांखाली बासून हे खालच्या स्वराचं फुंकवाद्य वाहतं आहे. इथे आवाजाची एकच लांब रेघ हवी, न तुटणारी आणि आतून बदलत जाणारी. ती रेघ धरायला डी नीसला कष्ट पडतात आणि ते कानाला कळतात. मॅग्डालेना कोझेना किंवा करीना गोव्हिन यांच्या मुद्रणात हेच गाणं अधिक खोल जातं.

पण ‘पियांजेरो’ला ती मला पूर्ण पटते. गाणं तीन भागांचं: आधी कैदेतल्या राणीचा संथ विलाप, मग ‘मेल्यावर भूत होऊन तुला छळीन’ असा भडका, मग पुन्हा विलाप. मधला भडका बऱ्याच गायिका नुसत्या वेगाने मारून नेतात. डी नीस तो भाऊ समोर उभा असल्यासारखा त्याच्या तोंडावर फेकते. आणि परत विलापाकडे येताना संताप ओसरलेला चेहऱ्यावर दिसतो तसाच गळ्यातही ऐकू येतो. तिचा अभिनय गाण्याला वरून चिकटवलेला नाही याचा हा पुरावा.

तेव्हा ‘ती चांगली गाते का’ असा प्रश्न इथे अपुरा पडतो. स्टुडिओतल्या गायिकेचा निकष लावला तर ती पहिल्या पाचांत येणार नाही. पण १७२४ मध्ये लोक नाट्यगृहात ज्यासाठी गेले त्याचा निकष लावला तर तिच्यासारखी क्लिओपात्रा दुसरी नाही.

यात हिंदी सिनेमासारखा नाच कशासाठी घातला आहे?

मॅकव्हिकर यांनी रोमनांना इंग्रजी साम्राज्याच्या लाल कोटातल्या फौजेचं रूप दिलं आहे, आणि इजिप्त म्हणजे ज्या ज्या ‘पूर्वे’वर युरोपने राज्य केलं त्या सगळ्यांची सरमिसळ. मागे जुन्या बरोक रंगमंचावरच्या युक्तीने फिरणाऱ्या लाटा आहेत, आणि त्या समुद्रावर पुढे आधुनिक युद्धनौका आणि आकाशात झेपेलिनही दिसतात. शतकं मुद्दाम एकमेकांत मिसळली आहेत. त्यातच अँड्र्यू जॉर्ज यांनी बसवलेले नाच येतात: कमरेचे झटके, मनगटाचे मुरके, मागे नर्तकांची ओळ. हिंदी सिनेमातली गाणी पाहत वाढलेल्या कोणालाही ही भाषा लगेच ओळखू येते.

भारतीय श्रोत्यांतही यावर एकमत नाही. काहींना राग येतो: इजिप्त, तुर्कस्तान, भारत सगळं एकच, ही युरोपची जुनीच खोड. हा राग मला समजतो. नाचात भारतीय असं फारसं काही नाही. सिनेमातून लंडनला पोचलेल्या चार हालचाली आहेत. पण मला दोन गोष्टी त्याच्या बाजूने दिसतात. एक, लाल कोटवाल्यांची या निर्मितीत मुळीच गय केलेली नाही. त्यांची शिस्त, त्यांचं सभ्यपण आणि त्यामागची लूट हे सगळं दिसतं. दुसरी गोष्ट सांगीतिक. हेंडेलच्या वेगवान आरियांचं हाड नाचाच्या तालाचं आहे. ‘दा तेंपेस्ते’मध्ये क्लिओपात्रा म्हणते, वादळात मोडलेलं जहाज सुखरूप बंदराला लागलं की त्याला आणखी काय हवं! शब्द एवढेच, गाणं मात्र लांब, तानांनी खच्चून भरलेलं. तिथे नुसतं उभं राहून गायलं तर शब्द तिसऱ्या आवर्तनाला निर्जीव होतात. नाचामुळे तान हे आनंदाने उसळणारं शरीर होऊन जातं. एकेका मात्रेत चार-चार स्वर असलेल्या तानांवर पाय टाकत, श्वास न तुटू देता गाणं हे किती अवघड आहे ते ज्याने नाचत गाऊन पाहिलं आहे त्यालाच कळेल.

नीरेनो या सेवकाची गोष्टही इथे सांगायला हवी. १७२४ मध्ये हेंडेलने त्याला एकही स्वतंत्र आरिया दिली नव्हती. नंतरच्या पुनःप्रयोगासाठी लिहिलेली ‘की पेर्दे उन मोमेंतो’ इथे मोरोक्कोच्या रशीद बेन अब्देस्लाम यांना मिळाली, आणि त्यांनी ती अशी काही रंगवली की प्रेक्षक खूष.

एकच ओळ पुन्हा पुन्हा का म्हणतात? कंटाळा येतो.

ही दा कापो पद्धत. पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, मग पहिला पुन्हा. पुन्हा म्हणताना गायकाने स्वतःच्या जागा घालायच्या असतात. आपल्या संगीत नाटकात ‘वन्समोर’ मिळाला की नट तेच पद नव्या हरकती घेऊन म्हणे. हेंडेलने तो वन्समोर आधीच लिहून ठेवला आहे असं समजा.

कंटाळा जायचा सोपा उपाय म्हणजे पहिल्या अंकातलं ‘वा ताचितो’. सीझर तोलोमेओच्या दरबारात आला आहे, दोघे हसून बोलत आहेत, दोघांच्या मनात खून आहे. सीझर गातो: सावज हवं असलेला शिकारी गुपचूप, लपत जातो. सोबतीला एकटं हॉर्न, तेही जुन्या घडणीचं, झडपा नसलेलं. त्यावर स्वर केवळ ओठांनी काढायचा असतो. जरा चूक झाली तर साऱ्या नाट्यगृहाला कळते. मॅकव्हिकर यांनी याचा सभ्य दरबारी नाच केला आहे: दोघे एकमेकांभोवती मोजून पावलं टाकतात, नजर हटत नाही. पहिल्यांदा तुम्ही सीझरचे शब्द ऐकता. परत तोच भाग आला की तुम्ही तोलोमेओचा चेहरा पाहू लागता. ओळ तीच, पण आता तिच्यातली धमकी त्याला पोचलेली आहे.

पुनरावृत्तीशी हेंडेल स्वतःच कसा खेळतो ते ‘व्हादोरो, पुपिल्ले’मध्ये ऐका. वेष पालटलेली क्लिओपात्रा हार्प, थिओर्बो आणि व्हिओला दा गांबा या तंतुवाद्यांच्या साथीने गाते. दुसरा भाग संपतो, आता पहिला परत यायचा, तेवढ्यात सीझर मध्येच बोलून जातो की स्वर्गातल्या देवाकडेही असं गाणं नसेल. मगच ती पुन्हा सुरू करते. पद्धत मोडून त्याने प्रेमात पडलेला माणूस दाखवला आहे.

बाकीच्या गायकांबद्दल कोणी का बोलत नाही?

डी नीसवरच्या वादात ते झाकले जातात, आणि हा या मुद्रणावरचा मोठा अन्याय आहे. बार्डन आणि किर्शश्लागर यांनी पहिल्या अंकाच्या शेवटी गायलेलं ‘सॉन नाता आ लाग्रिमार’ हे युगुलगीत माझ्या मते सबंध प्रयोगाचा कळस आहे. पाँपेचं कापलेलं मस्तक पाहिलेली बायको आणि मुलगा, दोघांना आता वेगळं करून नेणार आहेत. हलकं झुलणारं सिसिलियानोचं वजन, आणि दोन स्त्री-आवाज कधी एकमेकांवर रेलतात, कधी एकाच स्वरावर घासून जातात. बार्डनचा आवाज काळसर, किर्शश्लागरचा त्याहून उजळ. म्हणून दोघी एकत्र गातानाही कोण आई आणि कोण मुलगा हे डोळे मिटून कळतं.

ड्यूमोचा तोलोमेओ लाडावलेला, क्रूर, अंगाने रबरासारखा. आवाज सुंदर करण्याची त्याला फिकीर नाही आणि पात्राला ते शोभतं. काही श्रोत्यांना तो कर्कश वाटतो. पुढे न्यूयॉर्कला आणि साल्झबर्गलाही हीच भूमिका त्याच्याकडे गेली.

कॉनलीचं ‘आल्मा देल ग्रान पोंपेओ’ही चुकवू नका. ही आरिया नाही, वाद्यवृंदासह म्हटलेलं छोटं स्वगत आहे. पाँपेच्या रक्षेपुढे उभा राहून सीझर म्हणतो की माणसाची सारी थोरवी शेवटी मूठभर राखेत मावते. हेंडेलने ते जी शार्प मायनरसारख्या आडवाटेच्या स्वरात सुरू केलं आहे. जिंकलेल्या सेनापतीच्या पायाखालची जमीन सरकते ती इथे. कॉनली जवळजवळ हलत नाही आणि आवाजही चढवत नाही.

वाद्यवृंदाबद्दल श्रोते काय म्हणतात?

बहुतेक कौतुकच. वाद्यं जुन्या घडणीची, तारा आतड्याच्या. क्रिस्टी हे स्वतः हार्प्सिकॉर्डवादक, १९७९ मध्ये ‘ले आर फ्लोरिसां’ हा बरोक संगीताचा संच स्थापन करणारे. त्यांच्या हाती नाचाची लय उपजत आहे. फ्रेंच बरोकमध्ये आयुष्य घालवल्याने ते हेंडेललाही थोडं फ्रेंच नखरेलपण देतात. याच ऑपेराचं मुद्रण करणारे दुसरे संचालक मार्क मिंकोव्हस्की यांचा झपाटा आवडणाऱ्यांना ते सौम्य वाटतात. मला ही गती योग्य वाटते, कारण शब्द कळतात.

इटालियन येत नसेल तर?

१७२४ मध्ये लंडनच्या बहुतेक प्रेक्षकांनाही येत नव्हतं. दाराशी इटालियन शब्द आणि समोर इंग्रजी भाषांतर असलेली पुस्तिका विकत मिळे, आणि प्रयोगभर दिवे तेवत असल्याने लोक ती वाचत बसत. तुम्हाला पडद्यावर उपशीर्षकं आहेत. आरिया सुरू होताना पहिल्या दोन ओळी नीट वाचा, मग वाचणं सोडून पाहा. पुढे शब्द तेच असतात.

नुसतं ऐकायचं असेल तर हेच घ्यावं का?

नाही. नुसतं ऐकायला रेने याकोब्स यांचं १९९१ चं मुद्रण घ्या. कंचेर्तो क्योल्न हा वाद्यवृंद, जेनिफर लार्मोर सीझर. दीर्घ, संथ, विचारी. नाट्य हवं असेल तर मिंकोव्हस्की, त्यानंतरचं आणि नितळ हवं असेल तर ॲलन कर्टिस. पाहण्यासाठी काउंटरटेनर सीझर हवा असेल तर कोपनहेगनच्या प्रयोगातला आंद्रेआस शोल. ग्लाइंडबर्नची ही निर्मिती पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही गेली. तिथे २०१३ मध्ये डेव्हिड डॅनियल्स आणि नॅटली डेसे होते. तोलोमेओ ड्यूमोच आणि कोर्नेलियाही बार्डनच. ज्यांना डी नीसचा आवाज सोसत नाही त्यांनी ते पाहून तुलना करावी. नाच थोडाफार तोच आहे, गाणारी वेगळी आहे.

साडेतीन तासांहून मोठा ऑपेरा एका बैठकीत पाहायचा का?

ग्लाइंडबर्नचे प्रेक्षकसुद्धा तसं करत नाहीत. तिथे मधली सुट्टी सुमारे दीड तासाची असते, लोक हिरवळीवर बसून जेवतात. घरी तीन संध्याकाळी तीन अंक पाहा. पहिला अंक ‘सॉन नाता’वर संपतो. त्यानंतर लगेच दुसरा लावू नका.

ज्यांच्या हाताशी एकच तास आहे त्यांनी ‘वा ताचितो’, ‘सॉन नाता’, ‘व्हादोरो’, ‘पियांजेरो’ आणि ‘दा तेंपेस्ते’ या क्रमाने पाहावं, आणि शेवटचा कोरस सोडू नये. मेलेले तोलोमेओ आणि आकिला रक्ताळलेल्या कपड्यांत परत येऊन विजयोत्सवात सामील होतात. काहींना ते निव्वळ नाट्यगृहातली गंमत वाटते. मला मात्र वाटतं, लाल कोटांबद्दल मॅकव्हिकर यांना जे म्हणायचं होतं ते याच दोघांकडून सर्वांत स्पष्ट वदवलं आहे.